ओल्या हवेतून कोरडी हवा : धुऊन वाळवून देणाऱ्या यंत्राचे अंतरंग

पाटण-जावळीच्या खोऱ्यांत आषाढ-श्रावणात वलणीवरचे कपडे दिवसेंदिवस ओलसर राहतात. त्याच दिवसांत पाऊस नसेल तर जत-आटपाडीकडे ते दुपारपर्यंत कडक वाळतात. हा फरक केवळ उष्णतेचा नव्हे, हवेच्या कोरडेपणाचा आहे. तासगावचा बेदाणा उघड्या शेडमध्ये, सावलीत, वाऱ्यावर तयार होतो आणि हवा दमट झाली की तोच माल काळवंडतो. वाळवणे म्हणजे कोरडी, वाहती हवा पुरवणे.

वसतिगृहात हा प्रश्न किरकोळ नाही. ओलसर कपडे अंगावर राहिले की नायटा बळावतो आणि एकाचा दुसऱ्याला होतो. वर्षावासातील भिक्खूंसाठी विनयात पावसाळी स्नानवस्त्राची वेगळी तरतूद आहे, इतकी ही अडचण जुनी. धुऊन वाळवूनही देणारे यंत्र वसतिगृहाला भेट द्यावे, असे ज्यांच्या मनात येते त्यांनी त्याची रचना समजून घ्यावी.

जुन्या प्रकारात विजेच्या हीटरने हवा तापवतात आणि कपड्यांतून निघालेली वाफ बहुधा नळाच्या थंड पाण्याने निववतात. उष्णता आणि पाणी दोन्ही गटारात जातात. उष्णता-पंपाच्या यंत्रात मात्र फ्रीजचीच मांडणी असते. पंखा ड्रममधील ओली हवा ओढून थंड नळ्यांच्या जाळीवरून नेतो. तेथे बाष्पाचे पाणी होते आणि ते बाहेर सोडले जाते. बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णता नळ्यांतील शीतक द्रव्य शोषून घेते. कॉम्प्रेसर त्याला दाबून अधिक तापवतो. आणि पुढच्या गरम जाळीवर तीच उष्णता कोरड्या झालेल्या हवेला परत मिळते. ही हवा पुन्हा ड्रममध्ये जाते. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे 0.65 युनिट उष्णता लागते. हीटरला ती सारी विजेतून द्यावी लागते. येथे तीच उष्णता फिरत राहत असल्याने वीज निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी लागते.

अवघड भाग आहे तो दोन्ही कामे एकाच पेटीत बसवण्याचा. धुण्याची टाकी स्प्रिंगांवर टांगलेली असते व पिळताना जोराने हादरते. कॉम्प्रेसर आणि नळ्या स्थिर हव्यात. म्हणून टाकी व हवेचा मार्ग लवचीक रबरी नळीने जोडतात. दुसरा त्रास कापडाच्या लवेचा. ओली लव जाळीच्या बारीक पात्यांत चिकटली की हवा अडते आणि वाळवण्याचा वेळ वाढत जातो. चाळणी साफ करण्याचे काम नेमून न दिल्यास महागडे यंत्रही लवकरच निकामी वाटू लागते. शिवाय वाळताना कपड्यांना उलटसुलट होण्यास जागा लागते, त्यामुळे जितके धुता येतात तितके सारे एका वेळी वाळवता येतीलच असे नाही.

लहान कुटुंबाला हे यंत्र सोयीचे. शंभर मुलांच्या वसतिगृहात मात्र एकच ड्रम तासन्‌तास वाळवण्यात अडकेल आणि पुढचे धुणे खोळंबेल. माझ्या मते तेथे धुण्याची यंत्रे वेगळी ठेवावीत आणि एका खोलीत वलण्या, पंखे व हवेतील ओल काढणारे यंत्र बसवावे. त्यातही हाच कॉम्प्रेसर आणि याच दोन जाळ्या असतात. खिडक्या मात्र बंद ठेवाव्या लागतील. नाहीतर ते बिचारे सबंध खोऱ्याची हवा वाळवत बसेल.