पिकअपचे मागचे दिवे ‘एलईडी’ करताना...

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून रात्री निघालेली पिकअप पहाटेपूर्वी वाशीच्या बाजार समितीत पोहोचावी लागते. वाटेत घाट, पावसाळ्यात धुके आणि मागून येणारी अवजड वाहने. अशा वेळी मागच्या चालकाला ही गाडी दिसते ती तिच्या दोन लाल दिव्यांमुळेच. त्यातील एक दिवा विझलेला असला, तर पिकअप दुचाकीसारखी भासते. दोन्ही विझले असतील, तर रस्त्याकडेला उभी असलेली गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. मागचा दिवा रात्री १५५ मीटरवरून दिसला पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात, ते याचसाठी.

पिकअपचे मागचे बल्ब वारंवार का जातात, याचे उत्तर गाडीच्या बांधणीत आहे. माल पेलण्यासाठी तिच्या मागच्या पाट्या ताठ ठेवलेल्या असतात. माल उतरवून रिकामी परतणारी गाडी खड्ड्यांतून अधिक आदळते आणि तापलेली नाजूक तार तुटते. एलईडीमध्ये अशी तारच नसते. त्यामुळे धक्के सोसण्याची तिची क्षमता मोठी, वीज कमी लागते आणि आयुष्यही अधिक. म्हणूनच अनेक मालक जुने बल्ब काढून एलईडी बसवून घेतात.

एलईडीचा आणखी एक फायदा सहसा लक्षात येत नाही. तारेचा बल्ब पूर्ण तेजाने पेटायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग घेतो. एलईडी जवळजवळ तत्क्षणी पेटते. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे वाहन तेवढ्या अवधीत सुमारे साडेचार मीटर पुढे येते. ब्रेकचा इशारा तितका आधी मिळाला, तर जवळजवळ एका मोटारीच्या लांबीएवढे अंतर हाती राहते.

फरक दिसला पाहिजे

मात्र नुसता बल्ब बदलून हा फायदा पदरात पडेलच असे नाही. बहुतेक पिकअपमध्ये मागचा दिवा आणि ब्रेकचा दिवा एकाच बल्बमध्ये असतात. त्यात दोन तारा असतात, एक ५ वॉटची आणि दुसरी २१ वॉटची. रात्री मंद तार सतत पेटलेली असते आणि ब्रेक दाबताच प्रखर तार पेटते. मागच्या चालकाला कळतो तो हा फरक. स्वस्त एलईडी बल्बमध्ये मंद आणि प्रखर प्रकाशातील अंतर पुष्कळदा फारच कमी असते. दिवा दिवसा झगझगीत दिसतो, पण रात्री ब्रेक लागला की नाही हे मागच्याला उमगत नाही. उजेड वाढतो आणि इशारा हरवतो.

दुसरी अडचण दिव्याच्या आरशाची. दिव्यातील परावर्तक आणि काच यांची रचना तारेच्या नेमक्या जागेनुसार केलेली असते. एलईडीचे ठिपके त्या जागेपासून हलले, तर प्रकाश एका बाजूला साचतो आणि बाजूने येणाऱ्याला तो फिका दिसतो. काच लाल असेल, तर आतील एलईडीही लाल घेणे चांगले. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लाल रंगाचा वाटा कमी असतो आणि लाल काच बाकीचा प्रकाश अडवते.

इंडिकेटर घाईने का मिचकावतो?

एलईडी लावल्यावर सर्वाधिक तक्रार येते ती इंडिकेटरची. जुन्या पद्धतीचा फ्लॅशर बल्ब किती वीज ओढतो, यावर चालतो. १२ व्होल्टवर २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. तीन वॉटची एलईडी घेते अवघा पाव अँपिअर. फ्लॅशरची समजूत होते की बल्ब उडाला आणि तो इंडिकेटर दुप्पट वेगाने मिचकावू लागतो. मिनिटाला ६० ते १२० ही नियमांतील मर्यादा मग सहज ओलांडली जाते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, इंडिकेटरच्या वायरला समांतर रेझिस्टर जोडण्याचा. यासाठी सहा ओहमचा रेझिस्टर वापरला जातो. इंडिकेटर पेटलेला असताना तो किमान २४ वॉट उष्णता सोडतो. तो प्लास्टिकला किंवा वायरच्या जुडग्याला चिकटवला, तर ते वितळू शकते. पत्र्यावर घट्ट बसवूनच तो वापरावा. दुसरा आणि अधिक सरळ उपाय म्हणजे एलईडीसाठी बनवलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. मात्र असे काही फ्लॅशर बल्ब गेल्यावरही त्याच वेगाने चालत राहतात. घाईने मिचकावण्यातून चालकाला मिळणारी सूचना तेव्हा बंद होते. म्हणून रोज निघण्यापूर्वी गाडीमागे जाऊन दिवे पाहण्याची सवय ठेवावी लागते.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढावे. होल्डरमधला गंज घासून काढावा आणि अर्थची वायर स्वच्छ पत्र्याला जोडावी. अर्थ कच्ची असेल, तर ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा लुकलुकतो. एलईडी पेटली नाही, तर ती उलटी बसली असण्याची शक्यता असते. विजेची दिशा चुकली की ती पेटत नाही. काचेभोवतीचे रबरही तपासावे. तारेच्या बल्बची ऊब आतला दमटपणा वाळवत असे, एलईडीत तेवढी ऊब नसते.

कायदा काय सांगतो?

वाहनाच्या दिव्याची चाचणी आणि मान्यता संपूर्ण दिव्याची असते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत ती होते. तारेच्या बल्बसह मान्य झालेल्या दिव्यात एलईडी बल्ब घातला, की ती मान्यता त्याला लागू राहीलच असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या ‘पासिंग’च्या वेळी दिवेही तपासले जातात. त्यामुळे त्याच मॉडेलसाठी मान्यता मिळालेला संपूर्ण एलईडी दिवा घेणे हा सुरक्षित मार्ग ठरतो. निळे, जांभळे किंवा धावते शोभेचे दिवे मागे लावणे मात्र टाळावेच. लाल इशारा त्या गर्दीत बुडून जातो.

काम झाल्यावर खरी परीक्षा अंधारात घ्यावी. एकाने ब्रेक दाबावा आणि दुसऱ्याने पन्नास पावले मागे जाऊन पाहावे. ब्रेक लागला आणि सुटला हे तिथून स्पष्ट कळते का? बाजूला सरकल्यावरही कळते का? लोंबणारी ताडपत्री आणि चिखल दिव्यांवर येत नाही ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. कितीही उत्तम एलईडी असली, तरी ताडपत्रीआडून ती कोणालाच दिसणार नाही.