एक हंगाम दुसऱ्याच्या शेडमध्ये

काजूच्या बीचं एक पोतं ऐंशी किलोचं. पोत्याचं तोंड उघडून वरचं बी बघून भाव सांगणारा माणूस नवखा. जो पोटात हात घालून तळातलं बी बाहेर काढतो, हातात खुळखुळवतो, किलोभर बी मोजून चिरतो, त्यातलं भरीव किती, डागी किती, पोचट किती ते वेगळं करतो आणि मगच भावाचं बोलतो, तो मुरलेला. चंदगड तालुक्यात मार्च ते मे ही परीक्षा रोज चालते. ती घेणारा मास्तर नसतो आणि नापास झालेल्याला गुणपत्रिकाही मिळत नाही. दिवाळीत हिशोब लागतो तेव्हा निकाल कळतो.

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा तालुका. एका बाजूला बेळगाव, दुसऱ्या बाजूला घाट उतरला की दोडामार्ग आणि पुढे गोवा. पश्चिमेकडे धुवाधार पाऊस, लाल माती, डोंगरउतार. तिथे काजू आला, रुजला आणि त्यामागोमाग गावोगाव काजू फोडण्याचे लहानमोठे कारखाने उभे राहिले. बारावी किंवा पदवी झालेल्या इथल्या मुलासमोर आज जे पर्याय असतात त्यांत सैन्य आणि पोलीस भरती आहे, गोव्यातली नोकरी आहे, पुण्यातली औद्योगिक वसाहत आहे, बेळगावची फाउंड्री आहे, तालुक्यातच हलकर्णी आणि शिनोळीचे कारखाने आहेत. आणि बऱ्याच घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: काजूचाच कारखाना टाकूया.

हे वाक्य चांगलं आहे. फक्त ते उच्चारण्यापूर्वी दुसऱ्याच्या शेडमध्ये एक वर्ष जावं लागतं, आणि नेमकं तेच वर्ष बहुतेक जण वाचवू पाहतात.

आधीच्या पिढ्यांना हे वर्ष टाळताच येत नव्हतं. चंदगड, आजरा, गडहिंग्लज या पट्ट्यातली माणसं मुंबईच्या कापड गिरण्यांत गेली ती गाववाल्यांच्या खोलीवर. कुणीतरी पाहुणा आधी जाऊन बसलेला असे, तो कामगार भरणाऱ्या जॉबरकडे शब्द टाकी. मग नवा माणूस बदली कामगार म्हणून सकाळी गिरणीच्या फाटकावर उभा राही. कुणाचा खाडा असेल त्या दिवशी काम, नसेल त्या दिवशी परत खोलीवर. या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता, पण साच्यावर बसण्याआधी साचा बघायला मिळे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ती वाटच हळूहळू बंद झाली. गावाकडे परतलेल्यांबरोबर मुंबईची मिळकत संपली. त्याबरोबर आणखी एक गोष्ट संपली, जिची फारशी नोंद झाली नाही: हाताला धरून धंद्यात नेणारी साखळी. तिची जागा शाळा-महाविद्यालयांनी भरून काढायला हवी होती. ती भरली गेलेली नाही.

काजूच्या धंद्यात ही उणीव पैशांत मोजता येते.

समजा, नव्या उद्योजकाने हंगामात दहा टन बी घेतलं. त्यात ओलावा बारा टक्के आहे. हे बी वर्षभर टिकवायचं तर ओलावा आठ-नऊ टक्क्यांपर्यंत उतरवावा लागतो, नाहीतर चंदगडच्या पावसात पोत्यातच बुरशी धरते. बारावरून आठवर येताना दहा टनांतले सुमारे ४३५ किलो वजन नुसत्या उन्हात उडून जातं. बीचा भाव किलोला १२० रुपये धरला तर ५२ हजार रुपये पाण्यापायी गेले. आता उताऱ्याचं बघा. शंभर किलो बीतून किती किलो गर निघाला, त्याला उतारा म्हणतात. एका बागेचं बी २५ टक्के उतारा देतं, दुसरीचं २३. दिसायला फरक दोनाचा, पण दहा टनांवर तो २०० किलो काजूगर होतो. गराला किलोमागे ७०० रुपये धरले तर एक लाख चाळीस हजार. खरेदीच्या सकाळी, पोत्यासमोर उभं असताना हे दोन आकडे ज्याला बोटांनी कळतात तो टिकतो. प्रकल्प अहवालात ते छापलेले असतात, पण प्रकल्प अहवाल पोत्यात हात घालत नाही.

पुढची पायरी फोडणीची. बी वाफवायचं, थंड करायचं आणि हातापायाने चालवायच्या कटरवर एकेक फोडायचं. टरफलातलं तेल कातडी भाजतं, म्हणून बायका हाताला तेल किंवा राख लावून बसतात. वाफ कमी पडली तर गर टरफलाला चिकटतो आणि तुटतो. जास्त झाली तर रंग जातो. नंतर सुमारे सत्तर अंशांच्या उष्णतेवर काही तास सुकवणी, मग तांबडी साल काढणं, मग निवड. २४० नंबरचा काजू म्हणजे एका पौंडात २२० ते २४० अख्खे गर. ३२० नंबर म्हणजे ३०० ते ३२०. त्याखाली पाकळी, तुकडा, कणी. अख्ख्या गराचा आणि तुकड्याचा भाव यांत मोठी दरी असते. कारखान्याचा नफा म्हणजे बहुतांशी न तुटलेले काजू, असं म्हटलं तरी चालेल. तो नफा कटरवर बसलेल्या बाईच्या मनगटात आणि वाफेच्या मिनिटांत असतो.

बागेचाही यात वाटा आहे. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ या जातींनी या भागाचं चित्र बदललं. वेंगुर्ला ७ चं एक बी दहा ग्रॅमच्या आसपास भरतं, रोपापासून आलेल्या जुन्या गावठी झाडांचं बी त्याच्या जवळपासही जात नाही. कोणत्या गावात कोणती कलमं कधी लागली हे माहीत असणं म्हणजे पुढच्या पाच वर्षांचा कच्चा माल माहीत असणं. हे ज्ञान चंदगडच्या मुलाकडे जन्मतः असू शकतं आणि पुण्यातल्या गुंतवणूकदाराकडे नसतं. तरीही करिअर मार्गदर्शन शिबिरात त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

पण सगळ्यात मोठा धडा भांडवलाचा आहे. रोज २०० किलो बी फोडणारा छोटा कारखाना वर्षातले ३०० दिवस चालवायचा तर ६० टन बी लागतं. स्थानिक बी येतं तीन महिन्यांत. म्हणजे वर्षभराचा माल मेअखेर गोदामात हवा. १२० रुपये भावाने ते झाले ७२ लाख. ते हळूहळू मोकळे होतात, पण सरासरीने निम्मे पैसे नऊ महिने अडकले आणि व्याज ११ टक्के असलं तर नुसतं व्याजच तीन लाखांच्या घरात जातं. मोठे कारखानदार आफ्रिकेतलं बी आणून वर्षाची भट्टी चालू ठेवतात. टांझानियाचा हंगाम आपल्याकडच्या दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, हे त्यांना सोयीचं पडतं. छोट्याला ते जमत नाही. तो मेमध्ये पैसे संपल्यावर थांबतो आणि ऑगस्टमध्ये शेड रिकामी राहते.

२०२० साली आलेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये अनुदान आहे. ते उपयोगाचं आहेच. पण त्याचा मुख्य भार यंत्रं आणि शेड यांवर पडतो. ७२ लाखांचं बी त्यातून येत नाही. अनुदानाचा आकडा बघून कारखाना टाकणारा यंत्र घेऊन बसतो आणि बी घ्यायला पैसे नसतात. दोष योजनेचा नाही. धंदा कुठे अडतो हे त्याला आधी कुणी दाखवलं नाही, एवढंच.

चंदगडहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या बेळगावात सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने हीच गोष्ट उलट क्रमाने केली. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ चे, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांना चित्रकार व्हायचं होतं आणि त्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकतही होते. पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं आणि रंगांचा मार्ग सोडावा लागला. रेखाटन हातात होतं, म्हणून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले, तिथली यंत्रं हाताळू लागले. मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला थोरल्या भावाकडे, रामुअण्णांकडे पाठवायच्या आणि तिथे विकायच्या, हा जोडधंदा नोकरी चालू असतानाच सुरू होता. बढतीत डावललं गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा धंदा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक झालेलं होतं.

पुढचं पुष्कळांना माहीत आहे: कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर, मग १९१० मध्ये औंध संस्थानच्या मदतीने कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी. कमी सांगितलं जातं ते नांगराचं. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिला नांगर विकायला जवळजवळ दोन वर्षं लागली. दोन वर्षं एकही गिऱ्हाईक नसताना कारखाना उभा राहिला, कारण सायकली आणि कडबा यंत्राचा व्यवहार हाताशी होता. नव्या मालाला बाजार सापडेपर्यंत जुना धंदा पोटाला घालतो. हे लक्ष्मणराव कुठल्या वर्गात शिकले नव्हते.

याच नांगरांचा एक विक्रेता पुढे वेगळ्याच कारणाने मोठा झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचे भाऊराव पाटील. ओगल्यांची काच, किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले, साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही होते. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ ही तिची रीतच झाली. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून माल विकल्यावर माणसाला जे कळतं, ते या योजनेमागे आहे असं मानायला जागा आहे. आज अनेक महाविद्यालयांत ‘कमवा आणि शिका’ म्हणजे ग्रंथालयात पुस्तकं लावणं आणि बागेला पाणी घालणं एवढंच उरलं. चंदगडच्या महाविद्यालयातली पोरं एप्रिलमध्ये काजूच्या खरेदीवर बसली, तर ते भाऊरावांच्या कल्पनेच्या कितीतरी जवळ जाईल.

साधनं नाहीत असं नाही. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे आणि आयटीआय झालेल्या मुलाला त्यातून कारखान्यात विद्यावेतनावर शिकता येतं. कोल्हापूरची अग्रणी बँक असलेल्या बँक ऑफ इंडियाची स्वरोजगार प्रशिक्षण संस्था राहण्या-जेवणासह मोफत अभ्यासक्रम चालवते. देशभर पसरलेल्या या संस्थांचं मूळ १९८२ मध्ये कर्नाटकातल्या उजिरे इथे, धर्मस्थळाच्या वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या प्रयोगात आहे. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला दरमहा सहा, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ आणि पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन ठरलं. २०२३ मध्ये राज्याने काजूसाठी जी योजना आणि मंडळ जाहीर केलं त्यात कोकणाच्या जोडीने चंदगड आणि आजरा हे तालुके घेतले. या चार गोष्टी एकमेकींना भेटत नाहीत, ही खरी अडचण आहे. प्रशिक्षण काही दिवसांचं किंवा आठवड्यांचं असतं, काजूचं वर्ष बारा महिन्यांचं.

आणि ते वर्ष तीन वेगवेगळ्या जागी शिकावं लागतं. मार्च ते मे व्यापाऱ्याच्या काट्यावर, जिथे ओलावा, उतारा आणि शेतकऱ्याशी बोलण्याची रीत कळते. पावसाळ्यात फोडणी आणि सुकवणीच्या शेडमध्ये. गणपती ते दिवाळी विक्रीवर, कारण मिठाईवाल्याची मागणी तेव्हाच चढते आणि उधारी म्हणजे काय हेही तेव्हाच समजतं. माल गेला, पैसे चार महिन्यांनी आले आणि तोपर्यंत पुढच्या हंगामाचं बी दारात: हा प्रसंग दुसऱ्याच्या पैशावर एकदा बघितलेला बरा. शिकता शिकता एखाद्याला हेही कळेल की आपल्याला कारखाना नको आहे, आपल्याला कलमांची रोपवाटिका जमेल, किंवा कटर आणि बॉयलर दुरुस्त करायचं काम. तेही करिअरच आहे. बोंडूचा प्रश्न तर अजून उघडाच पडलेला आहे. बीपेक्षा कितीतरी पट वजनाचं हे फळ दिवसभरात नासतं. शेजारच्या गोव्यात त्याची फेणी होते, तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. इथे ते बरंचसं झाडाखालीच कुजतं. त्याचं काही करायचं तर रसायन शिकलेला मुलगा आणि बाग ओळखणारा मुलगा एकत्र यावे लागतील.

या सगळ्यात एक वर्ग असा आहे ज्याचा अनुभव आधीच पूर्ण झालेला आहे. कटरवर बसणाऱ्या बायका. बी हातात येताच वाफ कमी की जास्त हे त्या सांगू शकतात, कोणत्या गावचं बी पोचट निघतं हे त्यांना माहीत असतं, पाकळी कशाने होते हेही. त्यांना किलोवर मजुरी मिळते आणि उद्योजकता शिबिराचं निमंत्रण मात्र पदवीधर मुलांना जातं. अन्न प्रक्रियेच्या त्याच २०२० च्या योजनेत बचत गटाच्या सदस्याला खेळतं भांडवल आणि छोटी अवजारं यांसाठी ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद आहे. दहा जणींचा गट धरला तर चार लाख होतात. १२० रुपयांच्या भावाने त्यात तीन टनांहून थोडं अधिक बी येतं आणि २४ टक्के उताऱ्याने सुमारे ८०० किलो काजूगर. हा कारखाना वर्षभर चालणार नाही, जूनपर्यंतच चालेल. पण हंगामाअखेर हातात स्वतःच्या नावाचा विक्रीचा कागद आणि बँकेत फिरलेला पैसा असेल, आणि पुढच्या फेब्रुवारीत बँकेच्या व्यवस्थापकासमोर कर्जाचा अर्ज ठेवताना दाखवायला तोच लागतो.