विश्लेषण : बंदूक साफ करायचे किट की सुट्या भागांतला सायलेन्सर? अमेरिकेत ‘सॉल्व्हन्ट ट्रॅप’वरून वाद काय?

धातूचे एक नळकांडे, दोन टोपणे आणि आत बसणारे काही कप. अमेरिकेत ‘बंदूक साफ करण्याचे साहित्य’ म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या या किटला ‘सॉल्व्हन्ट ट्रॅप’ म्हणतात. विकत घेताना ना परवाना, ना बोटांचे ठसे, ना पार्श्वभूमी तपासणी. मात्र हेच किट घरी बाळगणारा माणूस नोंदणी नसलेला सायलेन्सर बाळगत असल्याचे केंद्रीय यंत्रणेने ठरवले, तर त्याला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. एकच वस्तू एका नजरेने साफसफाईचे साधन आणि दुसऱ्या नजरेने शस्त्र कशी ठरते?

सॉल्व्हन्ट ट्रॅप कशासाठी असतो?

गोळीबारानंतर बंदुकीच्या नळीत काजळी, तांब्या-शिशाचे कण साचतात. ते काढण्यासाठी नळीत रासायनिक द्रावक सोडून ब्रश आणि कापडाचे तुकडे फिरवतात. हे द्रावक उग्र वासाचे आणि बऱ्याचदा विषारी असते. ते जमिनीवर, टेबलावर सांडू नये म्हणून नळीच्या तोंडाला आट्यांनी बसवायचे एक भांडे म्हणजे सॉल्व्हन्ट ट्रॅप. घाण त्यात पडते, भांडे काढून रिकामे करायचे. कल्पना साधी आणि खरीखुरी उपयोगाची आहे. प्लॅस्टिकची बाटली आणि एक जोडणी एवढ्यावरही हे काम भागते.

वाद इथेच सुरू होतो. काजळी गोळा करायला प्लॅस्टिकची बाटली पुरत असेल, तर टायटॅनियमचे नळकांडे आणि आत ओळीने रचलेले शंकूच्या आकाराचे अर्धा डझन कप कशासाठी? बंदुकीच्या सायलेन्सरच्या आतही असेच कप्पे असतात. गोळीमागून येणारा तप्त वायू त्यांत अडकतो, पसरतो, थंड होतो आणि आवाज कमी होतो. दोन्ही वस्तूंत मुख्य फरक असा की, ट्रॅपचे पुढचे टोक बंद असते आणि सायलेन्सरमधून गोळीला आरपार जायला वाट असते. विक्रेत्यांचा बचाव याच बंद टोकावर उभा आहे.

कायदा काय म्हणतो?

बंदुकीचा पहिला यशस्वी सायलेन्सर हायरम पर्सी मॅक्सिम यांनी बनवला आणि १९०९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्यांचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम म्हणजे मॅक्सिम मशीनगनचे जनक. एकाने आवाज वाढवला, दुसऱ्याने कमी केला. मुलाने मोटारींच्या सायलेन्सरवरही काम केले होते. आपल्याकडे ‘सायलेन्सर’ म्हटले की बुलेट आणि रोडरोलरखाली चिरडलेल्या नळ्या आठवतात. तत्त्व दोन्हींचे एकच.

टोळीयुद्धांनी गाजलेल्या काळात, १९३४ साली, अमेरिकेने ‘नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट’ आणला. मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांच्या निर्मितीवर व हस्तांतरावर २०० डॉलर कर आणि सरकारी नोंदणी बंधनकारक झाली. त्या काळी ही रक्कम जबर होती. कर गोळा करण्यापेक्षा खरेदीदाराला परावृत्त करणे हाच हेतू होता. सायलेन्सरवर सरसकट बंदी मात्र नाही. ४२ राज्यांत सामान्य नागरिक रीतसर अर्ज, छायाचित्र, बोटांचे ठसे आणि तपासणीनंतर तो बाळगू शकतात. स्वतः बनवायचा असल्यास आधी परवानगी घ्यायची, मग बनवायचा.

गुंतागुंत आहे ती व्याख्येत. १९८६ च्या दुरुस्तीनंतर सायलेन्सर म्हणजे केवळ तयार उपकरण राहिले नाही. सायलेन्सर जुळवण्याच्या उद्देशाने रचलेला सुट्या भागांचा संचही सायलेन्सर, आणि फक्त त्याच कामासाठी असलेला एखादा सुटा भागही सायलेन्सर. तयार उपकरण प्रयोगशाळेत तपासता येते, आवाज किती डेसिबलने घटला हे मोजता येते. ‘उद्देश’ मात्र कुठल्याच मीटरवर दिसत नाही. किटवर ‘फक्त साफसफाईसाठी’ अशी चिठ्ठी लावली की उद्देश सिद्ध झाला का? आणि उद्देश कोणाचा पाहायचा, बनवणाऱ्याचा, विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा?

न्यायालये काय म्हणतात?

उत्तरे एकाच दिशेची नाहीत. २०१० मध्ये बोस्टनस्थित फर्स्ट सर्किट अपील न्यायालयापुढे एअरगनला बसवलेल्या उपकरणाचा खटला आला. ते खऱ्या बंदुकीवरही आवाज कमी करू शकते, असे सरकारचे म्हणणे होते. एअरगन ही केंद्रीय कायद्याने ‘फायरआर्म’ नाही. न्यायालयाने शिक्षा रद्द केली. एखादी वस्तू सायलेन्सरचे काम करू शकते एवढे पुरेसे नाही, तो तिचा हेतू असायला हवा, असा निष्कर्ष काढला. हाच निकष आंधळेपणाने उलटा लावला, तर उशी आणि बटाटाही सायलेन्सर ठरतील.

२०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने तर दारू, तंबाखू, शस्त्रे व स्फोटके ब्युरोला (एटीएफ) चांगलेच सुनावले. एका कंपनीच्या उपकरणात सायलेन्सरशी जुळणारी काही वैशिष्ट्ये आढळल्याने एटीएफने त्याला सायलेन्सर ठरवले होते. शेपूट, करडी कातडी आणि चार पाय आहेत म्हणून उंदीर हत्ती होत नाही, अशा आशयाचे उदाहरण देत न्यायाधीशांनी तो निर्णय रद्द केला.

दोनच वर्षांनी पारडे दुसरीकडे झुकले. सिग सॉअर कंपनीने आपल्या बंदुकीवरील एक भाग हा धक्का कमी करणारा ‘मझल ब्रेक’ असल्याचे सांगितले. तो सायलेन्सरच्या आतल्या भागासारखाच असल्याचे एटीएफचे मत होते. २०१६ मध्ये फर्स्ट सर्किट न्यायालयाने एटीएफची बाजू उचलून धरली. निर्माता तोंडाने सांगतो तोच उद्देश मानण्याची गरज नाही. वस्तूची रचना आणि इतर वस्तुनिष्ठ पुरावेही उद्देश सांगतात, हे त्यातून पुढे आले. सॉल्व्हन्ट ट्रॅपच्या विक्रेत्यांसाठी सर्वांत अडचणीचा निकाल हाच म्हणायला हवा.

अर्ज केला, तरी नकार का?

या प्रकरणाचा सर्वांत विचित्र भाग म्हणजे कायदा पाळू पाहणाऱ्यांची झालेली कोंडी. बरेच हौशी लोक किट विकत घेत, सायलेन्सर बनवण्यासाठी एटीएफकडे अर्ज करत, कर भरत आणि मंजुरी आल्यावरच पुढचे काम करत. वर्षानुवर्षे असे अर्ज मंजूर होत होते. २०२२ च्या सुरुवातीला मात्र शेकडो अर्ज एकदम फेटाळले गेले. तुम्ही ज्या किटमधून सायलेन्सर बनवणार आहात ते मुळात सायलेन्सरच आहे, तेव्हा ‘बनवण्या’ची परवानगी देण्याचा प्रश्नच येत नाही, असा एटीएफच्या युक्तिवादाचा गाभा होता.

म्हणजे परवानगी मागायला गेलेल्याने आपल्या घरात बेकायदा वस्तू असल्याचे सरकारला स्वतःच लेखी कळवल्यासारखे झाले! त्यातून सुटायला नोंदणीची वाटही नाही. आधीच हातात असलेल्या बिनानोंदणीच्या सायलेन्सरची नोंद मालकाला करता येत नाही. तशी महिनाभराची मुभा दिली होती ती १९६८ साली. वस्तू सोडून देणे हाच पर्याय उरतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये एटीएफने परवानाधारक विक्रेत्यांना खुले पत्र पाठवून भूमिका मांडली. ‘सॉल्व्हन्ट ट्रॅप’ म्हणून विकली जाणारी काही उपकरणे रचनेवरून सायलेन्सरच ठरतात आणि टोक बंद असल्याने त्यात फरक पडत नाही, असा त्याचा सूर होता. पण असे पत्र म्हणजे कायदा नव्हे. ते यंत्रणेचे मत असते. कोणती किट चालतील याची अधिकृत यादी ग्राहकाच्या हाती नाही. दुसरीकडे, १९९४ च्या ‘स्टेपल्स’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, शस्त्र या कायद्याखाली आणणारी वैशिष्ट्ये आरोपीला माहीत होती, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. निर्दोष खरेदीदाराला त्याचा आधार आहे, पण तो खटला उभा राहिल्यानंतरचा.

एटीएफची चिंता अगदीच पोकळ नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने चीनमधून सायलेन्सर आणि पिस्तूल स्वयंचलित करणारे ‘स्विच’ मागवण्यासाठी वापरली जाणारी ३५० हून अधिक संकेतस्थळांची नावे जप्त केली. पार्सलवर ‘हार’, ‘खेळणी’ असे लिहिलेले असे. अनुक्रमांक नसलेली अशी वस्तू गुन्ह्यात सापडली तर माग काढणार कसा, हा तपास यंत्रणांपुढचा व्यावहारिक प्रश्न आहे.

कर शून्य झाला, मग वाद मिटला का?

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने मंजूर केलेल्या ‘वन बिग ब्युटिफुल बिल’ कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरील कर शून्यावर आणला. सायलेन्सर १९३४ च्या कायद्यातून पूर्ण वगळण्याचाही प्रयत्न झाला होता, पण अर्थसंकल्पी विधेयकात ते बसत नसल्याचा सल्ला सिनेटच्या नियम-तज्ज्ञांनी दिला. त्यामुळे कर गेला, नोंदणी राहिली. २०० डॉलर वाचवण्यासाठी किट घेण्याचे कारण संपले असले, तरी बिनानोंदणीचे किट जितके धोक्याचे होते तितकेच आहे.

नवा वाद याच अर्धवटपणातून उभा राहिला आहे. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला तो संसदेच्या कर लावण्याच्या अधिकारावर. करच नसेल तर नोंदणी कशाच्या आधारावर, असे विचारत शस्त्रसमर्थक संघटना न्यायालयात गेल्या आहेत. नोंदणीची सक्ती शस्त्रे बाळगण्याच्या घटनात्मक हक्काच्या आड येत नाही, असे फिफ्थ सर्किट न्यायालयाने २०२५ मध्ये लुइझियानातील एका प्रकरणात म्हटले. तिथे शस्त्रविक्रेत्याच्या घरात बिनानोंदणीचा सायलेन्सर सापडला होता.

अमेरिकेतील भारतीयांनी काय लक्षात घ्यावे?

एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांसाठी हा प्रश्न केवळ अमेरिकी राजकारणाचा नाही. अशा बिगर-स्थलांतरित व्हिसाधारकांना केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. या कायद्यातील ‘फायरआर्म’च्या व्याख्येत सायलेन्सरही येतो. म्हणजे बंदूक नसतानाही, मित्रासाठी स्वतःच्या नावाने मागवलेले किट अंगाशी येऊ शकते. शस्त्रासंबंधी गुन्ह्यात दोषी ठरल्यास शिक्षेबरोबर देशातून हकालपट्टीही होऊ शकते, ग्रीन कार्ड असले तरीही.

असे किट सामानात टाकून भारतात आणणे तर आणखी धोक्याचे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील ‘अग्निशस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत गोळीबाराचा आवाज किंवा ज्वाळ कमी करण्यासाठी बनवलेले वा तसे रूपांतरित केलेले साहित्य, तसेच बंदुकीचे सुटे भागही समाविष्ट आहेत. मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याने नळकांडे आणि कप टेबलावर मांडून ‘हे काय आहे?’ असे विचारले, तर खोक्यावरचा ‘क्लीनिंग किट’ हा शब्द किती कामी येईल, हे सांगता येत नाही.