जोर पंपाचा, हिशेब पाण्याचा

पावसाळ्यात सातगाव पठारावर बटाट्याचं रान आणि रानभर चिखल. पेठ, कुरवंडी, थुगाव, भावडी, कारेगाव, कुठल्याही गावात जा, लागवडीपासून काढणीपर्यंत ट्रॅक्टर, पिकअप आणि मोटरसायकली मातीनं लडबडलेल्या असतात. ही माती एकदा वाळली की तांब्या-बादलीला दाद देत नाही. मग गाडी पुणे-नाशिक महामार्गावरच्या वॉशिंग सेंटरला न्यायची, नाहीतर घरीच प्रेशर वॉशर आणायचा. पाच-सहा हजारांपासून तो मिळतो, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे.

पण हेच पठार उन्हाळ्यात पाण्याला महाग होतं. कळमोडी धरणाचं पाणी मिळावं, ही इथली जुनी मागणी आहे. अशा गावात यंत्र घेताना ते किती स्वच्छ धुतं, याच्याआधी ते किती पाणी पितं, हे विचारायला हवं.

दट्ट्यांची करामत

जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षबागांत आणि टोमॅटोच्या प्लॉटमध्ये फवारणीसाठी एचटीपी पंप वापरतात. प्रेशर वॉशर हा त्याचाच धाकटा भाऊ. दोन्हींत दट्टे आळीपाळीनं पाणी ओढतात आणि पुढे रेटतात. फरक असतो तो जोर आणि पाणी यांच्या वाटणीत. फवारणीचा पंप साधारण २० ते ४० बार दाबानं मिनिटाला वीस-तीस लिटर पाणी फेकतो. घरगुती वॉशरचा दाब १०० बारच्या आसपास, पाणी मात्र मिनिटाला जेमतेम सहा-सात लिटर.

१०० बार म्हणजे किती? गच्चीवरच्या टाकीचं पाणी पाच मीटर खालच्या नळाला येतं, तेव्हा दाब असतो अर्धा बार. १०० बारसाठी तीच टाकी हजार मीटर उंच ठेवावी लागेल. एवढ्या दाबाचं पाणी बारीक छिद्रातून सुटतं, तेव्हा हिशेबानं त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या घरात जातो. वाळलेली माती फुटते ती या वेगानं. मात्र हवेत शिरताच धार विस्कटते आणि जोर झपाट्यानं उतरतो. म्हणून पंप किती बारचा, यापेक्षा गन किती अंतरावर धरली, याला जास्त महत्त्व आहे.

विन्नेंडेन या जर्मन गावातल्या आल्फ्रेड केर्शर यांनी १९५० मध्ये गरम पाण्याचा असा धुलाई पंप बनवला. घरात वापरण्याजोगा, हातानं हलवता येईल असा पंप त्यांच्या कंपनीनं १९८४ मध्ये आणला.

बचत कधी, नासाडी कधी

अर्ध्या इंची पाइप मिनिटाला पंधरा लिटर पाणी देतो असं धरू. पाव तास तो सोडून ठेवला की सव्वादोनशे लिटर गेले. जलजीवन मिशनचं ग्रामीण भागासाठीचं प्रमाण आहे माणशी दिवसाला ५५ लिटर. म्हणजे चौघांच्या घराचं दिवसभराचं पाणी एका गाडीवर गेलं. तेवढ्याच वेळात प्रेशर वॉशर नव्वद लिटर घेतो. पाइपाच्या मानानं ही मोठी बचत झाली. पण दोन बादल्या आणि फडकं घेतलं, तर तीच गाडी चाळीस लिटरमध्ये निघते. नुसती धूळ असेल, तर बादलीला अजूनही तोड नाही.

यंत्राला बादलीच्या जवळ आणायचं, तर काम साबणाकडून करून घ्यायचं. गाडी सावलीत आणि थंड झालेली हवी. आधी चाकं आणि मडगार्डच्या आतला चिखल काढा. मग गाडीवर एकदा पाणी फिरवा, गन बंद करा, कार शॅम्पूचा फेस लावा आणि तीन-चार मिनिटं थांबा. फेस वाळू देऊ नका. मऊ कापडानं हलके पुसा आणि वरून खाली धुऊन काढा. गन चालू राहते ती सगळी मिळून पाच-सहा मिनिटं, म्हणजे तीस-पस्तीस लिटर. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर मात्र नको, त्यानं रंगावरचं मेणाचं संरक्षण जातं. बोअरचं पाणी जड असेल, तर गाडी लगेच कोरडी पुसा, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग बसतात.

कुठे मारायचं, कुठे नाही

बदलत्या नोझलच्या पंपांत सहसा रंगांची खूण असते. लाल म्हणजे सरळ सुईसारखी धार, पिवळा १५ अंश, हिरवा २५, पांढरा ४० आणि काळा साबणासाठी. गाडीला हिरवा किंवा पांढरा, तोही किमान एक फुटावरून. लाल नोझल गाडीकडे नेऊच नका. उडालेला रंग, स्टिकर, दरवाज्यांची रबरं आणि टायरची बाजू यांना जवळची धार सोसत नाही. इंजिनातला अल्टरनेटर, फ्यूजचा डबा आणि वायरिंग यांवर पाणी मारू नका. ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकला असेल, तर तो कमी जोरानं, इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला सरळ धार धरून काढा. तिरक्या धारेनं जाळीची पाती वाकतात. धुलाईनंतर ग्रीस पॉइंटना ग्रीस भरायला विसरू नका.

घरात या पंपाची खरी कामं आहेत शेवाळलेली फरशी, गोठ्याची जमीन, पाण्याची टाकी आणि बटाटा-टोमॅटोचे प्लॅस्टिक क्रेट. जुन्या वाड्याच्या चुन्यातल्या भिंती, कौलं आणि लाकडी दारं यांपासून तो लांब ठेवा. दगडाला काही होत नाही, पण सांध्यातला चुना निघून येतो. छतावरच्या सोलर पॅनेललाही जोराची धार नको. ती सकाळी काच थंड असताना, साध्या पाण्यानं धुवावीत. आणि फवारणीच्याच पंपानं गोठा किंवा क्रेट धुण्याचा शॉर्टकट टाळा, कारण त्याच्या टाकीत आणि नळीत औषधाचा अंश राहतो.

जपून

ही धार कातडीत घुसू शकते. वरून टाचणीएवढी दिसणारी जखम आतून गंभीर असते. असं झालं, तर हळद दाबून घरी बसू नका, लगेच दवाखान्यात जा. माणसावर, जनावरावर किंवा गंमत म्हणून पायांवर गन रोखू नका. १५०० वॅटचा पंप साडेसहा अँपिअर वीज ओढतो, तेव्हा अर्थिंग असलेला तीन पिनांचा पॉइंट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच. जोडवायरचा सांधा पाण्यात नको.

घेण्याआधी

वीस लिटरची बादली नळाखाली ठेवून बघा. ती भरायला तीन मिनिटांहून जास्त लागत असतील, तर नळाच्या पाण्यावर पंप नीट चालणार नाही. तो हवा ओढेल आणि कोरडा फिरून खराब होईल. अशा घरी बादलीतून पाणी ओढणारंच मॉडेल घ्या आणि पाण्याच्या तोंडाशी फिल्टर लावा. काम झालं की वीज बंद करून गनचा घोडा दाबा, म्हणजे नळीतला दाब उतरतो.

घरी एकच कार असेल आणि ती डांबरी रस्त्यावरच फिरत असेल, तर हा पंप घेऊ नका. ट्रॅक्टर, गोठा आणि क्रेट असतील, तर जरूर घ्या. शक्यतो दोन-तीन घरांनी मिळून एकच घ्या. बेंगळुरूत मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली, तर पाच हजार रुपये दंड लावण्याचा आदेश पाणीपुरवठा मंडळाला काढावा लागला होता. आपल्या गावांवर ती वेळ येऊ द्यायची नसेल, तर फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत पंप बांधून ठेवा आणि गाडी फडक्यानं पुसा.