पूर्ववृत्त विचारण्याचा हक्क

इंग्लंडमध्ये मँचेस्टरलगतच्या सॅल्फर्ड शहरात फेब्रुवारी २००९ मध्ये क्लेअर वुड या ३६ वर्षांच्या स्त्रीची हत्या झाली. मारेकरी तिचा पूर्वीचा मित्र होता. फेसबुकवरून ओळख झाली, मैत्री जुळली आणि पुढे त्याच्या वर्तनामुळे तिने संबंध तोडले. त्याच्याविरुद्ध तिने पोलिसांकडे एकापेक्षा अधिक वेळा तक्रारही केली होती. याच माणसाने यापूर्वी अन्य स्त्रियांचा छळ केला होता व त्यासाठी तुरुंगवास भोगला होता. ती नोंद सरकारी दप्तरी सुरक्षित होती. जिला तिची सर्वाधिक गरज होती, तिला मात्र त्या इतिहासाची पूर्ण कल्पना नव्हती.

क्लेअरचे वडील मायकेल ब्राउन यांनी ही उणीव दूर व्हावी यासाठी चळवळ उभारली. २०१२ मध्ये काही भागांत प्रयोग झाला आणि ८ मार्च २०१४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये ‘क्लेअर्स लॉ’ या नावाने ओळखली जाणारी योजना सर्वत्र लागू झाली. आपल्या जोडीदाराचे हिंसेचे पूर्ववृत्त आहे काय, हे पोलिसांना विचारण्याचा हक्क तीत आहे. आईवडील, शेजारी वा मैत्रीणही अर्ज करू शकते. मात्र माहिती सामान्यतः जिला धोका आहे तिलाच, गोपनीयतेच्या अटीवर दिली जाते. धोका दिसल्यास पोलीस स्वतःहूनही ती देऊ शकतात.

या योजनेमागचा विचार अनुभवसिद्ध आहे. ज्याने एका जोडीदारावर हात उगारला, त्याच्याकडून पुढील नात्यातही तसे घडण्याचा संभव अधिक असतो. म्हणूनच ब्रिटिश पोलिसांच्या धोका-मूल्यमापनाच्या प्रश्नावलीत संशयिताच्या गुन्हेगारी इतिहासाचा, तसेच गळा दाबण्याच्या प्रयत्नाचा प्रश्न असतो. आपल्या कायद्यालाही हे तत्त्व अपरिचित नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार स्त्रीचा पाठलाग करणाऱ्यास प्रथम दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत, तर पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

परंतु भारतात क्लेअर्स लॉसारखी योजना नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदसूची २०१८ मध्ये सुरू झाली, ती केवळ तपास यंत्रणांसाठी. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात. पण एकाच नावाची अनेक माणसे असतात, आणि खटला चालू असणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने विवाहसदृश नात्यालाही संरक्षण दिले खरे; तथापि केवळ भेटीगाठींचे नाते त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. पाच लाखांच्या कर्जासाठी अर्जदाराचा सिबिल अहवाल तपासला जातो. आयुष्याच्या जोडीदाराबाबत मात्र गोत्र आणि पगार विचारून चौकशी संपते!

येथे एक शंका रास्त आहे. माणूस बदलतच नाही काय? अंजनचोराची कथा ऐकत वाढलेल्या समाजाला असे म्हणता येणार नाही. पण प्रतिक्रमणात प्रथम दोषाची आलोचना असते. आपली चूक उघडपणे सांगणारा आणि विचारताच संतापणारा किंवा पूर्वीच्या प्रत्येक मैत्रिणीलाच दोष देणारा, यांत फरक करावाच लागेल. क्षमा करणे आणि त्याच्या हाती पुन्हा आपली सुरक्षितता सोपवणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

उलटपक्षी, कोरी नोंद हे सद्वर्तनाचे प्रमाणपत्र नव्हे. असंख्य स्त्रिया तक्रारच करीत नाहीत, त्यामुळे दप्तरात काही उमटत नाही. तेव्हा डोळ्यांसमोरची लक्षणे अधिक मोलाची ठरतात : मोबाईल तपासणे, मैत्रिणींपासून तोडणे, ‘सोडून गेलीस तर जीव देईन’ अशी धमकी. संबंध तोडण्याचा काळ विशेष जोखमीचा असतो. अशा वेळी ‘शेवटचे एकदा भेटू’ या विनवणीला एकटीने जाऊ नये.

पुण्यात वा बंगळुरूत शिकणारी मुलगी हे घरी का सांगत नाही? बहुधा तिला ठाऊक असते, की पहिला प्रश्न त्याच्या हिंसेविषयी नसून त्याच्या जातीविषयी असेल आणि दुसऱ्या दिवशी तिचे शिक्षण बंद होईल. आईवडिलांनी हे भय आधीच, सुखाच्या दिवसांत, शब्द देऊन दूर करावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक तिच्याजवळ असावेत. त्यांच्याआधी तिला घरचा क्रमांक निःसंकोच फिरवता यावा.