हृदयाच्या ठोक्यांचे गणित

वाचकाने आपल्या मनगटावर तीन बोटे अलगद ठेवून मिनिटभर नाडी मोजावी. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या बाबतीत ही संख्या सामान्यतः ६० ते १०० यांच्या दरम्यान भरते. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर एका अहोरात्रात हृदय १ लाख ३ हजार ६८० वेळा आकुंचन पावते. एवढ्या आवर्तनांत एखादा ठोका मागेपुढे झाला, तर त्यात सहसा भिण्याजोगे काही नसते. परंतु हृदयाच्या खालच्या कप्प्यांतील स्नायुतंतू परस्परांचा मेळ सोडून थरथरू लागले, तर रक्ताभिसरण थांबते आणि तातडीने उपचार न झाल्यास काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. सुरळीत ताल असा एकाएकी का बिघडतो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या कामी वैद्यकाला गणिताची मोठीच मदत झाली आहे.

वासुदेवाचा पेला

हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, पेशींचा एक लहानसा पुंज असतो. तेथून निघालेली विद्युत्-लहर दोन्ही अलिंदांत पसरते, मधल्या एका गाठीत क्षणभर रेंगाळते आणि मग निलयांत, म्हणजे खालच्या कप्प्यांत, उतरते. १९२८ साली बाल्थाझार वान डर पोल व त्यांचे सहकारी वान डर मार्क या डच शास्त्रज्ञांनी या रचनेची विद्युत्-प्रतिकृती तयार केली.

हृदयाचे स्पंदन लंबकाच्या संथ झोक्यासारखे नसते, हा त्यांचा मुख्य विचार होता. आपल्याकडील वासुदेवाचा पेला आठवावा. त्यात पाण्याची बारीक धार सोडली की पाणी हळूहळू चढते. कृष्णाच्या पायाला स्पर्श होताच पेला भराभर रिता होतो आणि पुन्हा भरू लागतो. सावकाश संचय आणि एकदम विसर्ग, असा हा क्रम होय. वान डर पोल यांनी पाण्याच्या जागी विद्युत्-भार आणि पेल्याच्या जागी निऑनचा दिवा योजला. पेशीपुंज, अलिंदे व निलये यांच्यासाठी त्यांनी अशी तीन मंडले जोडली.

अलिंदे व निलये यांमधील जोड त्यांनी क्षीण करीत नेली, तेव्हा ‘निलयां’चे काही ठोके गळू लागले, दोन ठोक्यांना एक, तीनांना एक अशी प्रमाणे दिसू लागली. जोड पुरती तुटल्यावर ‘निलये’ आपल्या स्वतंत्र, मंद तालाने चालू लागली. हृदयरोग्यांच्या विद्युत्-आलेखांत वैद्यांना हेच प्रकार दिसत होते. अनियमित दिसणाऱ्या तालालाही नियम असतो, हे यावरून स्पष्ट झाले.

आपल्याच शेपटीमागे धावणारी लहर

हृदयस्नायू एकदा उत्तेजित झाला की काही काळ नव्या उत्तेजनास प्रतिसाद देत नाही. वणवा जळून गेलेल्या रानात परत फिरत नाही, त्याचप्रमाणे विद्युत्-लहरही या विश्रांतिकालामुळे मागे वळू शकत नाही. पुढे जाऊन ती विझते. परंतु स्नायूतील एखाद्या व्रणाभोवती वर्तुळाकार वाट असली, लहर त्या वाटेवर एकाच दिशेने शिरली आणि ती फिरून येईपर्यंत आरंभीचा स्नायू पुन्हा सज्ज झाला, तर मात्र ती अखंड फिरत राहते. जॉर्ज राल्फ माइन्स यांनी १९१३ साली प्राण्यांच्या हृदयस्नायूंच्या कड्यांवरील प्रयोगांतून हा विचार मांडला. १९४६ साली नॉर्बर्ट वीनर व आर्तुरो रोझेनब्लूएथ यांनी त्याला गणिताचे रूप दिले.

यातील मूळ हिशेब शाळकरी मुलासही करता येईल. लहरीचा वेग व विश्रांतिकाल यांचा गुणाकार म्हणजे लहरीची लांबी होय. उदाहरणार्थ, वेग सेकंदाला ५० सेंटिमीटर व विश्रांतिकाल पाव सेकंद धरला, तर लांबी साडेबारा सेंटिमीटर येते. वाट याहून आखूड असेल, तर लहर आपल्याच शेपटीला अडखळून विझेल. पण वेग निम्मा झाला, तर सव्वासहा सेंटिमीटरहून किंचित मोठी वाटही तिला पुरते. म्हणजे लहर मंद झाली की धोका वाढू शकतो.

हा केवळ कागदावरचा हिशेब नव्हे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे अवेळी पडणारे ठोके बंद केल्यास त्यांचे प्राण वाचतील, अशी अपेक्षा होती. अमेरिकेत यासाठी एन्कायनाइड व फ्लेकायनाइड या औषधांची मोठी चाचणी घेण्यात आली. अवेळी ठोके कमी झाले; परंतु औषध घेणाऱ्यांमध्ये निष्प्रभावी गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक मृत्यू घडले, आणि १९८९ साली या औषधांची चाचणी थांबवावी लागली. ही औषधे हृदयातील लहरीचा वेग कमी करतात. व्रणयुक्त हृदयात त्यामुळे लहरी वर्तुळात फिरू लागणे, हे या अनर्थाचे एक संभाव्य कारण मानले जाते.

पेशीपासून हृदयापर्यंत

१९६० साली डेनिस नोबल यांनी हृदयपेशीतील विद्युत्-प्रवाहांची समीकरणे संगणकावर सोडविली, तेव्हा त्या समीकरणांतून तालबद्ध स्पंदन आपोआप उमटले. आज रुग्णाच्या हृदयाच्या चित्रांवरून त्याची संगणकीय प्रतिकृती करून लहर कोठे फिरत असेल याचा अंदाज घेता येतो. तथापि प्रतिकृती म्हणजे हृदय नव्हे. समीकरणाने शंका सुचवावी आणि प्रयोगाने ती तपासावी, हाच येथील सुरक्षित मार्ग होय. कारण येथे चूक झाली तर तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते.