कादंबरीचे माध्यमांतर : ‘द लॉस्ट वीकेंड’

कादंबरीचे चित्रपटात रूपांतर होताना काय टिकते आणि काय गळून पडते, हे आता एका उदाहरणातून पाहू. अमेरिकन लेखक चार्ल्स जॅक्सन यांची ‘द लॉस्ट वीकेंड’ ही कादंबरी १९४४ साली प्रसिद्ध झाली. दुसऱ्याच वर्षी बिली वाइल्डर यांनी तिच्यावर चित्रपट काढला. त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर पुरस्कार मिळाले.

कथानक साधे आहे. न्यूयॉर्कमधील डॉन बर्नम याला लेखक व्हायचे आहे. पण हातून लेखन होत नाही आणि मद्य सुटत नाही. भाऊ गावी गेल्यावरच्या काही दिवसांची ही कहाणी. दारूच्या पैशांसाठी टंकलेखन यंत्र गहाण टाकायला डॉन पायपीट करतो, तेव्हा यहुद्यांच्या योम किप्पूर या सणामुळे सावकारांची दुकाने बंद असतात. ज्या यंत्रावर लिहायचे तेच विकायला काढणे, यातच त्याची शोकांतिका सामावली आहे.

कादंबरीचे निवेदन तृतीयपुरुषी असले, तरी ते डॉनच्या मनातूनच वाहते. ‘त्याला वाटले’ असे न सांगताच त्याच्या सबबी आपल्यापर्यंत पोहोचतात. कॅमेऱ्याला मन थेट दाखवता येत नाही. म्हणून वाइल्डर वस्तूंना बोलते करतात : खिडकीबाहेर दोरीने टांगलेली बाटली, गुत्त्याच्या फळीवर पेल्याच्या बुडाने उमटलेली आणि वाढत जाणारी ओली वर्तुळे. किती प्यायला आणि किती वेळ गेला, हे एका शब्दाविना कळते. मिक्लोश रोझा यांच्या संगीतातील थेरेमिन या वाद्याचा कापरा स्वर डॉनची तळमळ ऐकवतो.

येथवर माध्यमांतर यशस्वी आहे. मात्र दोन बदल आशयालाच हात घालतात. कादंबरीत डॉनच्या अस्वस्थतेमागे महाविद्यालयीन काळातील समलैंगिक आकर्षणाचा प्रसंग आणि त्यातून झालेली अप्रतिष्ठा आहे. तत्कालीन हॉलिवूडच्या आचारसंहितेत या विषयाला स्थान नव्हते. चित्रपटात केवळ लेखनातील अपयश हेच कारण उरते. दुसरा बदल शेवटाचा. चित्रपटातील डॉन मद्याच्या पेल्यात सिगारेट टाकतो आणि आपली कहाणी लिहिण्याचा संकल्प करतो. कादंबरीतील डॉन मात्र पुन्हा पिऊन अंथरुणावर पडतो. एवढा गहजब कशासाठी, असेच त्याला वाटते.

हा फरक केवळ सुखान्त आणि दुःखान्त यांचा नाही, हे ध्यानात घ्या. चित्रपट व्यसनाकडे पार करता येणारा अडथळा म्हणून पाहतो. कादंबरी त्याकडे पुन्हापुन्हा फिरणारे चक्र म्हणून पाहते. म्हणून ‘चित्रपट मूळ कृतीशी प्रामाणिक आहे काय?’ एवढाच प्रश्न पुरेसा नाही. बदल माध्यमाच्या गरजेतून झाला की समाजाच्या संकोचातून, हेही तपासावे लागते.

स्वाध्याय : अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवर आधारित ‘सिंहासन’ (१९७९) हा चित्रपट पाहा. त्यातील कोणतेही दोन बदल निवडून वरील कसोटी लावा.